चार ते पाचचा अडसर

१

"आजी, लाइनमध्ये काही दोष नाही. तुमचा व्हिडिओ कॉल घरातलंच कोणीतरी अडवतंय."

एवढं बोलून इंटरनेटचा लाइनवाला गुडघे झटकत पॅसेजमधून पुढच्या खोलीत आला. मोठीबाई पलंगावर होत्या. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, त्याखाली दोन उशा, आणि हाताशी एक काठी, जी अजून पाच आठवडे टेकायची नव्हती, नुसती आपटायची होती. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मोठीबाई हल्ली अशा बघायच्या, जणू त्याने त्यांचे पाय उसने नेलेत.

"घरातलं म्हणजे कोण?"

"ते मला काय माहीत? मी तारा तपासतो, माणसं नाही." त्याने मोबाइल बघितला. "दोन दहा झाले. तीनला मला दुसरीकडे पोचायचंय."

"दोन सतरा." मोठीबाईंनी हनुवटीनेच भिंतीवरचं घड्याळ दाखवलं.

"तुमचं घड्याळ पुढे आहे."

"पुढे गेलेलं नाही, पुढे ठेवलंय. माणसं वेळेवर घराबाहेर पडावीत म्हणून. लग्न होऊन आले त्याच महिन्यात लावून घेतलं."

"मग पडतात वेळेवर?"

"कसली पडतात. हल्ली जो तो खिशातली वेळ बघतो. भिंतीवरची कोण विचारतंय?"

लाइनवाला हसला. मोठीबाईंना हसायला सवड नव्हती.

त्यांची धाकटी बहीण लांबच्या गावी हॉस्पिटलमध्ये होती. तपासण्या चालल्या होत्या, आणि मंगळवारी सकाळी कळलं की पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, शनिवारी पहिलं ऑपरेशन हिचं, पण सही शुक्रवारी पाचच्या आत हवी. उशीर केला तर आम्ही हात लावणार नाही. धाकटीने कागद बाजूला सारला. मोठी म्हणाली तर करीन, म्हणाली.

आता एक फोन करून "कर गं बाई" म्हटलं की झालं, इतकं ते सोपं असतं तर रडगाणं कशाला. धाकटीला वीस वर्षं ऐकू येत नव्हतं आणि अक्षर तिने कधी गिरवलं नव्हतं. ती ओठ वाचायची, तेही फक्त मोठीबाईंचे. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून सून खाली रस्त्यावर जाऊन तिच्याशी व्हिडिओवर बोलून आली, तर धाकटीने तोंड फिरवलं. मग मोठीबाईंच्या बोलण्याचा व्हिडिओ काढून पाठवला. त्यावर ती म्हणाली, "हिने माझं ऐकलंय कुठे? मला विचारायचंय, आणि विचारताना तिचं तोंड बघायचंय."

हॉस्पिटलात भेटीची वेळ चार ते पाच. तेवढा वेळ भाची तिच्यासमोर फोन धरून बसायची. सोमवारी पाऊण तास झकास बोलणं झालं होतं. मंगळवारी कॉल वाजला, मोठीबाईंनी उचलला, आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. भिंतीवर पाचचे ठोके पडेपर्यंत त्या बटण दाबत राहायच्या, मग टॅब पालथा घालायच्या. संध्याकाळी बघावं तर सगळं सुरळीत.

आज शुक्रवार. एकच तास उरला होता, आणि तो घरातल्याच कोणाच्या तरी मुठीत होता.

२

पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर एक काळा डबा होता, शेजारी त्याचा पडदा आणि कीबोर्ड. मुलाने जुना कॉम्प्युटर भंगारात न घालता त्यावर लिनक्स चढवलं होतं आणि घरात येणारं इंटरनेट त्यातून फिरवलं होतं. त्याला तो फायरवॉल म्हणायचा. आईला समजावताना मात्र म्हणाला होता, "हा आपला दरवान, आई. कोणाला सोडायचं, कोणाला नाही, ते याला सांगून ठेवायचं." मोठीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "मी असताना दुसरा दरवान कशाला?"

"डब्यापर्यंत लाइन चोख येते," लाइनवाला सांगू लागला. "तार काढून माझ्या मशीनला लावली, कॉल लागला. डब्यातूनही आत्ता लागतोय. बिघाड असता तर कायम असता. रोज चारला येऊन पाचला जाणारा बिघाड मी तरी पाहिला नाही."

"आणि बुधवारी संध्याकाळी तू येऊन डबा बंद करून चालू केलास, तो?"

"त्यावरूनच तर कळलं. डब्याच्या पाठीला एक चिठ्ठी चिकटवलीय, बघितलीत?"

मोठीबाईंना चिठ्ठी माहीत होती. नातीच्या परीक्षेच्या वेळी मुलाने ती बायकोसाठी लिहिली होती. पोरीने मैत्रिणींशी तोंड बघत गप्पा मारू नयेत म्हणून त्यावर व्हिडिओ कॉल बंद करायची एक ओळ होती, चालू करायची दुसरी, आणि खाली पासवर्डही. कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवायची, असा कारभार. नात हॉस्टेलला गेली, चिठ्ठी तशीच राहिली.

"त्या ओळीने नियम लागतो, पण साठवला जात नाही," लाइनवाला म्हणाला. "नुसता कानात सांगितल्यासारखा. डबा बंद झाला की दरवान विसरला. मी बुधवारी संध्याकाळी बंद केला होता, आणि गुरुवारी चारला पुन्हा अडलंच. म्हणजे कोणीतरी रोज येऊन नव्याने सांगतंय."

"कोण आलं, गेलं, त्याची वही ठेवतो का तुझा दरवान?"

"ठेवतो ना. लॉग म्हणतात." त्याने खिशातला कागद काढला. "हे बघा, उतरवून आणलं. मंगळवारी तीन त्रेपन्नला बंद, चार त्रेपन्नला चालू. बुधवारी तीन त्रेपन्न, चार त्रेपन्न. गुरुवारीही तेच. मिनिटाचा फरक नाही."

"त्याची वेळ बरोबर असते?"

"सेकंदापर्यंत. इंटरनेटवरून लावून घेतो."

"आणि नाव?"

"नाव उपयोगाचं नाही, सगळे एकाच नावाने आत शिरतात. पण एक आहे. तिन्ही दिवस हे डब्याच्या स्वतःच्या कीबोर्डवरून झालंय. कोणी खोलीत बसून लॅपटॉपवरून केलेलं नाही. पॅसेजमध्ये उभं राहून केलंय."

मोठीबाईंनी कागद घेऊन उशीखाली घातला. "पासवर्ड बदल आणि मला एकटीला सांग."

"डबा आमच्या कंपनीचा नाही, आजी. बघितलं तेवढंच जास्त झालं. मुलाला सांगा."

"आणि मुलगाच असला तर?"

त्याने पक्कड पिशवीत टाकली. "मग चारला तिथे कोणाला तरी राखणीला बसवा."

"कोणाला?"

हत्यारांची पिशवी उचलून तो पायऱ्या उतरत गेला आणि मोठीबाई ते आवाज मोजत राहिल्या. पलंगापासून डबा अकरा पावलांवर होता, रस्ता चौऱ्याहत्तर पायऱ्यांवर. प्लास्टरमधल्या पायाला दोन्ही सारखेच लांब. राखणीला बसवायचा तो माणूस या चार खोल्यांतलाच, आणि चोरही या चार खोल्यांतलाच.

त्यांनी काठी पलंगाच्या लोखंडी कडेवर तीनदा आपटली. याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

३

तिघं आले. मुलगा आपल्या खोलीतून कानातली तार काढत, सून ओले हात पुसत, आणि मागच्या खोलीतला भाडेकरू डोळे चोळत. तो रात्रपाळीला कुठल्याशा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचा आणि दिवसा झोपायचा, म्हणून मोठीबाईंनी त्याचं नाव घुबड ठेवलं होतं. गॅलरीत, बंद काचेच्या दाराआड, घड्याळजी पाठमोरे बसले होते. घड्याळजी म्हणजे मोठीबाईंचे यजमान. दुकान विकल्यापासून ते तिथेच टेबल मांडून लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडून बसायचे. त्यांना कोणी हाक मारली नाही.

"माझा कॉल कोण अडवतं, ते मला चारच्या आत कळायला हवं," मोठीबाई म्हणाल्या. "सूनबाई, आधी तू."

"मीच का आधी?"

"चिठ्ठी तुझ्यासाठी लिहिलेली. आणि मी तुला दिवसभर बोलते."

सुनेने टॉवेल खांद्यावर टाकला. "आई, तुमचं बोलणं बंद करायचं माझ्या हातात असतं, तर दिवसाचा एकच तास बंद केला असता का?"

घुबड खोकला. मुलाने छताकडे पाहिलं.

"आणि काल पावणेचार ते सव्वाचार मी घरातच नव्हते," सून पुढे म्हणाली. "तुमच्याच गोळ्या आणायला गेले होते. आल्यावर उशीर केला म्हणून तुम्ही माझी सालटी काढलीत, ते तरी आठवतंय ना? शिवाय ती चिठ्ठी. ह्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. परीक्षेच्या वेळीही मला वाचता येत नव्हतं, दरवेळी ह्यांनाच बोलावत होते."

एवढं बोलून ती पाठ फिरवून उभी राहिली. मोठीबाईंना ते दिसलं. पण तोंडातून शब्द गेलेला, आणि परत घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"घुबडा, तू. चारला मी धाकटीशी मोठ्याने बोलते आणि तुझी झोप मोडते. महिन्याभरापूर्वी तक्रार केली होतीस."

"केली होती, काकू. तुमच्या बहिणीला ऐकू येत नाही, तरी तुम्ही अख्ख्या बिल्डिंगला ऐकवता, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्यानंतर मी कानात बोळे घालायला लागलो." त्याने खिशातून काढून दाखवले. "आणि मला अडवायचंच असतं, तर पॅसेजमध्ये उभा राहिलो नसतो. पलंगावर पडल्या पडल्या लॅपटॉपवरून एकदाच केलं असतं, आणि साठवून ठेवलं असतं. रोज उठून तेच करायला मला वेड लागलंय का?"

हे पटण्यासारखं होतं. मोठीबाईंना ते आवडलं नाही, तरी पटलं.

"आता तू," त्या मुलाकडे वळल्या. "तुला मावशीचं ऑपरेशन नकोय."

"नकोच आहे. या वयात कापाकापी नको, असं मी तुला तोंडावर सांगितलंय. चोरून कशाला करू? आणि साडेतीन ते साडेचार माझी रोज ऑफिसची मीटिंग असते. ती ऑफिसच्या वेगळ्या वाटेने चालते, म्हणून अडत नाही. दहा माणसं माझं थोबाड बघत असतात. मी एकदाही उठत नाही, ते दहाही सांगतील."

"मग डबाच बंद करून टाक."

"डबा बंद केला तर घरातलं सगळंच इंटरनेट जाईल, आई. तुझा कॉलही. मी आत्ता पासवर्ड बदलू का?"

"नको." मोठीबाईंनी डोळे मिटले. "जा सगळे. आपापल्या जागी बसा, आणि चार वाजेपर्यंत कोणी हलू नका."

तिघं गेले. मोठीबाईंना वाटलं, खोली लहान झालीय. पुढे जायला वाट नाही, मागे सरायला जागा नाही. तिघांनी तिन्ही दारं लावून घेतली होती, आणि तिघंही खरं बोलत होते.

४

भिंतीवर साडेतीन वाजले.

मोठीबाईंनी उशीखालचा कागद काढला. शाळेची पायरी त्या दोनच वर्षं चढल्या होत्या, पण आकडे वाचायला त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तीन त्रेपन्न. चार त्रेपन्न.

चारला येणारा कॉल अडवायचा असेल, तर माणूस पावणेचारला उठेल, तीन पन्नासला उठेल. त्रेपन्न हा कुठला आकडा? आणि तोही तिन्ही दिवस, बरोबर.

तेही सोडा. भेटीची वेळ पाचपर्यंत. पाचपर्यंत दार अडवायचं, तर अडसर पाचनंतर काढायचा. हा शहाणा चार त्रेपन्नला काढतो. सात मिनिटं मोकळी सोडतो. त्या सात मिनिटांत कॉल लागला असता. तिन्ही दिवस लागला असता.

मग मी का लावला नाही?

मोठीबाई उठून बसल्या, म्हणजे पाय जिथे होता तिथेच ठेवून जेवढं बसता येतं तेवढ्या. मी लावला नाही, कारण पाचचे ठोके पडले. मी टॅब पालथा घातला.

त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. घड्याळ आपलं टिकटिक करत होतं, सात मिनिटं पुढे, जसं त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी लावून घेतलं होतं. चोराच्या हिशेबी तो तीन त्रेपन्नला आलाच नव्हता. तो चारच्या ठोक्याला आला होता आणि पाचच्या ठोक्याला गेला होता. मुलगा खिशातली वेळ बघतो, सून खिशातली बघते, घुबडाच्या उशाला मोबाइल असतो. भिंतीवरचं घड्याळ या घरात दोनच माणसं बघतात. त्यातल्या एकीचा पाय प्लास्टरमध्ये आहे.

आणि मुंग्यांची रांग वाचायला डोळ्याला भिंग लावणारा माणूसही घरात एकच.

गॅलरीचं काचेचं दार सरकलं. सपाता फरशीवर घासत निघाल्या, पॅसेजच्या दिशेने. सावकाश, एका लयीत. चाळीस वर्षं ऐकलेली पावलं, आणि आज पहिल्यांदा मोठीबाई ती मोजत होत्या.

५

"अहो."

पावलं थांबली.

"आज ती ओळ लिहायची नाही. इकडे या."

घड्याळजी दारात आले. भिंग कपाळावर चढवलेलं होतं, त्यामुळे त्यांना तीन डोळे असल्यासारखं दिसत होतं आणि तिन्ही खाली पाहत होते.

"कळलं तुला," ते म्हणाले.

"घरात माझं घड्याळ मानणारे तुम्ही एकटेच उरलात. त्यानेच पकडून दिलं. का केलंत?"

त्यांनी भिंग काढून हातात घेतलं. सपातेच्या अंगठ्याशी काहीतरी शोधत राहिले.

"सोमवारी तू धाकटीला म्हणालीस, तू बरी हो, मग मी तुझ्यापाशीच येऊन राहते. चाळीस वर्षं लाकडी कपाटाशी संसार केला, आता पुरे झालं. मी गॅलरीत होतो. दार लावलेलं होतं, तरी ऐकू आलं. मला वाटलं, बोलणंच झालं नाही तर जायचं ठरणारही नाही. दहा-पंधरा दिवसांत तू विसरशील."

"म्हणून चिठ्ठी बघून ठोकत बसलात."

"एक एक अक्षर बघून. कशाचा काय अर्थ ते मला कळत नाही. पाचला सूनबाईचा शिवणाचा वर्ग असतो, तोही असाच व्हिडिओ कॉलवर. तिचं अडू नये म्हणून पाचला काढत होतो."

"आज कोणता दिवस आहे, माहीत आहे?"

"शुक्रवार."

"धाकटीच्या पोटात गाठ आहे. उद्या ऑपरेशन. आज पाचच्या आत सही केली नाही, तर होणार नाही. आणि मला विचारल्याशिवाय ती सही करणार नाही."

घड्याळजींचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

"हे मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

मोठीबाईंनी मनातल्या मनात मोजलं. सुनेला सांगितलं होतं, मुलाला सांगितलं होतं. घुबडाला झोपेतून उठवून सांगितलं होतं. लाइनवाल्यालाही सांगितलं होतं, जो त्यांचा कोणी नव्हता. काचेच्या दारापर्यंत मात्र त्यांचा आवाज फक्त टोमण्यांपुरता पोचला होता.

भिंतीवर चारचे ठोके पडले. घड्याळजी दचकले.

"घाबरू नका," मोठीबाई म्हणाल्या. "खरे चार वाजायला सात मिनिटं आहेत. बसा."

ते पलंगाच्या कडेला बसले, प्लास्टरला धक्का लागणार नाही इतके दूर.

"जाणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आधी विचारलं असतंत, तर आधी सांगितलं असतं."

"विचारलं की तू बोलतेस."

"बोलते. मग तुम्हीही बोलायचं. चाळीस वर्षांत एकदा तरी उलट बोलला असतात, तर मी कपाट म्हटलं नसतं."

"कपाट म्हटलंस, त्याचं वाईट वाटलं नाही. 'पुरे झालं' म्हणालीस, त्याचं वाटलं."

मोठीबाईंनी पदराने टॅबची काच पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिल्या.

कॉल वाजला. चक्र फिरलं, एकदा, दोनदा, आणि थांबलं. पडद्यावर धाकटी आली. उशीवर विस्कटलेले पांढरे केस, गाल आत गेलेले, डोळे मात्र तेच, मोठीबाईंच्या ओठांवर खिळलेले. कडेला भाचीचा दुसरा हात दिसत होता, हातात कागद आणि शाईची डबी.

"कुठे मेली होतीस तीन दिवस?" धाकटी म्हणाली.

"अडकले होते. विचार काय विचारायचंय ते."

"करू?"

"कर. आज, आत्ता."

"मला भीती वाटते, मोठे."

"मलाही वाटते. भीती वाटली म्हणून काय झालं, सही कर."

धाकटी टक लावून बघत राहिली. ती तोंडात खोटं शोधत होती, लहानपणी शोधायची तसं. मग म्हणाली, "आणि तू येऊन राहणार ना? सोमवारी म्हणालीस."

घड्याळजी उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मोठीबाईंनी एरवीसारखा आवाज चढवला नाही. अजिबात आवाज न करता, फक्त ओठ हलवून त्या काहीतरी बोलल्या. धाकटी आधी बघत राहिली, मग बोळक्या तोंडाने इतकी हसली की भाचीच्या हातातला फोन हलला. तिने हात पुढे केला. कागद मागत होती. सही तिला येत नव्हती. शाई लावून अंगठा उठवला, आणि भाचीने तो कागद कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला.

थोड्या वेळाने सून चहा घेऊन आली. मोठीबाईंनी कप घेतला, पण पिता पिता थांबल्या.

"मघाशी तुझ्यावर आधी घसरले."

"सवय आहे मला."

"सवय मोड. मीही मोडते. जमेल तसं."

जाताना तिने पायाखालची घसरलेली उशी नीट केली.

घड्याळजींनी स्टूल ओढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाशी चढले. काच उघडून काट्याला बोट लावलं.

"काय करताय?"

"बरोबर लावतो. सात मिनिटं पुढे आहे."

"राहू द्या. उद्याही चारला कॉल येणार आहे, ऑपरेशन कसं झालं ते सांगायला. चारच्या ठोक्याला येऊन बसा इथे. सात मिनिटं मिळतात."

त्यांनी बोट काढून घेतलं. स्टुलावरून उतरले नाहीत.

"तू तिला काय म्हणालीस?"

मोठीबाईंनी चहाचा घोट घेतला, सावकाश गिळला.

"म्हटलं, येते. पण दोघांची जागा कर. एक मी, आणि एक कपाट."